विनोदी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग, 400 खुर्च्या, फुकट पास किती वाटायचे?

अनगोळकर
मंडळी नमस्कार. जरा लांबण लागेल खरं शेवटपर्यंत वाचा, कारण मला खरंच सल्ला पाहिजे.

आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा ठरवलंय की आपल्या बेळगावी मराठीतले छोटे विनोदी प्रवेश आणि दोनतीन एकपात्री असा दोन तासांचा कार्यक्रम सभागृहात करायचा, तीन कॅमेरे लावून रेकॉर्ड करायचा आणि तुकडे करून यूट्यूबवर टाकायचा. कलाकार सगळे इथलेच, वडगाव, शाहापूर, कंग्राळी, एकजण निपाणीचा. प्रवेश फुकट. खुर्च्या 400. गेल्या वर्षी असंच केलतं तेव्हा मोजून 400 पास दिले आणि दारात मीच मोजायला उभा होतो म्हणून सांगतो, 230 माणसं आली. 170 जणांनी पास घेतला, होय होय येतो की म्हणाले, आणि आलेच नाहीत. नंतर रेकॉर्डिंग बघताना जीव चुरचुरला, प्रेक्षकांवर कॅमेरा फिरला की मधे मधे नुसत्या लाल खुर्च्या दिसतात आणि हशा कसा तुटक तुटक ऐकू येतो, जसं काय विनोद फसलाय. कलाकारांची काही चूक नव्हती.

म्हणून आता मिटींगमधे निम्मी पोरं म्हणतात 800 पास वाटूया, आले तर आले, जास्त झाले तर दार बंद करूया. सगळे टीव्हीवाले तसंच करतात म्हणे. ते करतात हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी त्या बंद दाराच्या बाहेर उभा राहिलोय.

दोन वर्षांमागची गोष्ट. मुंबईत एका चॅनेलच्या विनोदी कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगचे फुकट पास मिळाले, मोबाईलवर क्यूआर कोड आला, आमच्या चौघांची नावं त्यात. आई तो कार्यक्रम एक दिवस चुकवत नाही, बाबा गेल्यापासून तर रात्री जेवताना तोच लावून बसते. रात्रीच्या स्लीपर बसने गेलो, 500 किलोमीटर, बहिणीकडे अंघोळ करून दुपारी 2 चं रिपोर्टिंग म्हणून दीडलाच गेटवर. बघतो तर रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्यावर. गेटवरचा पोरगा हातातल्या पुठ्ठ्यावर चार उभ्या रेघा आणि त्यावर एक आडवी अशा खुणा करत माणसं आत सोडत होता, आम्ही जवळ गेलो तेव्हा मला त्या पुठ्ठ्यावरच्या शेवटच्या ओळीत तीनच रेघा दिसत होत्या. त्याने आमच्या पुढच्या दोघांना सोडलं, दोन रेघा मारल्या आणि हात आडवा केला. फुल्ल झालं, थँक्यू. मी पास दाखवला तर म्हणाला खाली वाचा. अगदी खाली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात होतं की पास म्हणजे प्रवेशाची हमी नाही.

आईच्या मांडीवर पिशवी होती, त्यात कलाकारांना द्यायला म्हणून नेलेला अर्धा किलो कुंदा. ती तिथंच फुटपाथच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "आपल्याला बोलावलंय म्हणून आलाव नव्हं, मग आत का सोडंनात?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तो कुंदा बहिणीच्या पोरांनी खाल्ला. आईने महिनाभर तो कार्यक्रम लावला नाही.

तेव्हा मला रिकाम्या खुर्च्याही नको आहेत आणि कुणाच्या आईला कट्ट्यावरही बसवायचं नाही. काय करू सांगा.

खानापूरकर
दादा वाचून वाईट वाटलं. मी एकच सांगतो, आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांचा विचार आधी करा. टिळकवाडीतल्या माणसाला दारातून परत पाठवलं तर तो दहा मिन्टात घरी जाऊन चहा पिणार. खानापूरहून येणारा 26 किलोमीटर यायलाय, निपाणीवाला पाऊणशे, परत जायच्या बसची चिंता डोक्यात ठेवूनच माणूस यायलाय. त्यात बाईमाणूस, लहान पोरं. आणि अनुभव असा हाय की लांबचा माणूसच हमखास येतो, कारण त्याने ठरवून, रजा काढून, गाडी बघून यायचं ठरवलेलं असतंय. न येणारे सगळे सभागृहाच्या मागच्या गल्लीतले.

आकडेमोड
मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे राहवत नाही. 800 हा आकडा अजिबात धरू नका, कसं ते सांगते.

तुमच्या गेल्या वर्षीच्या हिशोबाने दहातले जवळजवळ सहा लोक येतात. आता सरळ भागाकार करून कुणी म्हणेल 400 भागिले 0.6, म्हणजे 667 पास वाटा. इथंच चूक होते. सरासरी 400 येणार याचा अर्थ साधारण निम्म्या वेळा त्याहून जास्त येणार आणि तेवढी माणसं बाहेर राहणार. नाणं शंभर वेळा उडवलं तर बरोब्बर पन्नासच छापे पडत नाहीत, थोडं इकडंतिकडं होतंच, तसं.

600 पास वाटले तर सरासरी 360 येतील. प्रत्येकजण एकेकटा, आपापल्या मनाने येत असेल तर 24 इकडं किंवा तिकडं एवढाच फरक सहसा पडतो, म्हणजे फार तर 384, काही हरकत नाही. पण आपल्याकडं कोण एकटा येतो? एका घरचे चार पास असले की चारही येतात नाहीतर चारही येत नाहीत, पाहुणे आले, पोराला ताप आला, की अख्खं घर रद्द. असे चौघाचौघांचे गट धरले की तोच फरक दुप्पट होतो, 48. म्हणजे वाईट दिवशी 408. आठ माणसं बाहेर.

आणि हे सगळं "दहातले सहा" हे खरं असेल तर. गेल्या वर्षी पाऊस होता का? दुसरं काही होतं का? यंदा हवा चांगली पडली, निपाणीच्या कलाकाराचं नाव झालं आणि दहातले आठ आले तर 600 पासवर 480 माणसं दारात. 800 वाटले असते तर 640, दोनशे चाळीस जण रस्त्यावर! पासच्या आकड्यापेक्षा येणार किती हे आदल्या दिवशी कळणं महत्त्वाचं आहे.

अनगोळकर
बाई, हे मिटींगमधे वाचून दाखवलं. 800 वाले गप्प झाले. आणि होय, गेल्या वर्षी जुलै होता, दुपारपासून कोसळत होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कॅमेऱ्यामागून
मी पुण्यात अशा रेकॉर्डिंगला असिस्टंट म्हणून काम करतो, मूळचा चिकोडीचा. चॅनेलवाले जास्त पास का देतात त्याची पण बाजू ऐका, सगळे काही माणसाला हिणवायला करत नाहीत.

एक तर विनोदी कार्यक्रमात प्रेक्षक हा निम्मा आवाज असतो. कलाकार वाक्य टाकतो, थांबतो, हशा उठतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. हॉल निम्मा रिकामा असला की हशा पसरतच नाही, माणूस शेजारच्याकडे बघून हसतो, शेजारी खुर्ची मोकळी असेल तर तो ओठातल्या ओठात हसतो. मग कलाकाराचं टायमिंग चुकतं आणि ते एडिटींगमधे दुरुस्त होत नाही. दुसरं म्हणजे फुकटच्या पासला माणूस किंमत देत नाही हे कटू आहे पण खरं आहे. तिसरं, तासाभराच्या भागाला चार-चार, पाच-पाच तास जातात, रिटेक, लाईट, मेकअप, त्यात लोक मधेच उठून जातात.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. येणाऱ्यांना पुढून आणि मधून बसवत या, पाहिजे तिथं बसा म्हणू नका, म्हणजे 300 आले तरी कॅमेऱ्यात हॉल भरलेला दिसतो. मागच्या चार ओळींवर लाईट टाकूच नका. आणि सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं कुणीतरी येऊन लोकांशी गप्पा मारून त्यांना हसतं करा, मोठ्या रेकॉर्डिंगला त्यासाठी वेगळा माणूसच ठेवतात. एवढं केलंत तर 400 च्या 400 भरायचा हट्ट राहणारच नाही. अनगोळकर दादा, तुमच्या लाल खुर्च्या या पास कमी पडल्याने नाही, बसवण्यामुळे दिसल्या असं मला वाटतं.

कॅम्पातली काकू
माझी लेक लंडनला असते म्हणून तिथलं सांगते. तिथं बीबीसीच्या विनोदी कार्यक्रमांची, रेडिओची सुद्धा, रेकॉर्डिंग प्रेक्षकांसमोर होतात आणि तिकीट फुकट. ऑनलाईन नाव नोंदवायचं, ज्याला मागणी जास्त त्याची सोडत काढतात. आणि ते उघड सांगतात की फुकट तिकीटवाले सगळे येत नाहीत म्हणून आम्ही खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं देतो, तिकीट असलं तरी प्रवेशाची खात्री नाही, जो आधी येईल तो आत. तिकीट विकता येत नाही.

लेक एकदा अशाच कुठल्याशा रेकॉर्डिंगला गेली, बीबीसीचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं. थंडीत तासभर उभी राहून परत आली, खरं तिला फारसं काही वाटलं नाही. मी म्हटलं अगं राग नाही आला? म्हणाली आई, मला पहिल्या ओळीतच लिहून सांगितलं होतं, मी तसं धरूनच गेले होते, आणि परत पाठवताना त्यांनी माझं नाव घेतलं, पुढच्या वेळी आधी सोडलं. तुमच्या आईच्या पासवर तेच वाक्य होतं की, खरं मुंगीएवढं आणि इंग्रजीत. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना ते न लिहिल्यासारखंच.

शाहापूरचा वकील
काकूंचा मुद्दा बरोबर आहे, त्याला कायद्याची जोड देतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधे "सेवा" या शब्दाच्या व्याख्येतून फुकट दिलेली सेवा वगळलेली आहे. म्हणजे पैसे देऊन तिकीट काढलं आणि आत सोडलं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, फुकट पासवर परत पाठवलं तर ते दार नाही. प्रवासाचा, रजेचा, रात्रीच्या जागरणाचा खर्च मागायलाही या कायद्यात आधार नाही. म्हणून फुकट देणाऱ्याची जबाबदारी कमी होते असं मी मानत नाही, उलट समोरच्याच्या हातात काहीच नाही म्हणून ती वाढते.

ट्रॅव्हल्सवाला
विमानवाले पण हेच करतात ना, ओव्हरबुकिंग. खरं तिथं डीजीसीए म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचा नियम हाय. तिकीट कन्फर्म असून विमानात घेतलं नाही तर दुसरं विमान द्यायचं, ते मूळ वेळेच्या तासाभराच्या आत सुटणारं असलं तर भरपाई नाही, चोवीस तासांच्या आतलं असलं तर मूळ भाड्याच्या 200 टक्के आणि इंधन आकार, जास्तीत जास्त 10,000 रुपये, त्याहून उशीर झाला तर 400 टक्के, जास्तीत जास्त 20,000. आणि माणसं जास्त झाली की आधी विचारायचं, कोण स्वतःहून थांबतंय का. हे विचारणं मला आवडतं. तुमी पण दारात विचारा की, गाववाल्यांपैकी कोण खुर्ची सोडतंय का लांबच्यासाठी. बेळगावचा माणूस नाही म्हणणार नाही.

राणी चन्नम्मा सर्कल
मला ही सगळी चर्चाच पटेना झालीय. आपण लग्नात आवतण देताना पंगतीत पानं किती बसतात ते बघतो आणि स्वयंपाक दीडपट करतो. आवतण दीडपट देऊन स्वयंपाक तेवढाच ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकेल का? पास 400 च द्या. रिकाम्या राहिल्या तर राहू देत.

अनगोळकर
तुमचं म्हणणं मनाला लागतं आणि माझ्या आईने पण हेच म्हटलं असतं. फक्त एक अडचण, लग्नाला न आलेल्याचं पान वाया जात नाही, दुसरा कुणी जेवतो. इथं ज्याने पास अडकवून ठेवला आणि आला नाही त्याने दुसऱ्या कुणाची तरी खुर्ची खाल्ली, आणि तो दुसरा मला गेल्या वर्षी फोन करून पास मागत होता, मी संपले म्हणून सांगितलं. तोही माणूस माझ्या डोळ्यासमोर आहे. त्यामुळे 400 देऊन स्वस्थ बसणं म्हणजे पण कुणाला तरी दाराबाहेरच ठेवणं झालं, फक्त ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

निपाणीची लेक
50 रुपये डिपॉझिट घ्या आणि दारात परत द्या. आमच्याकडं एका शिबिराला तसं केलं, गळती बरीच कमी झाली.

खानापूरकर
ताई, म्हाताऱ्यांकडं कुठलं जीपे फोनपे. आणि दारात 400 लोकांना पन्नास पन्नास परत देत बसलं तर कार्यक्रम रात्री नऊला चालू होईल.

कॅम्पातली काकू
त्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा सगळ्यांना. माणसाने तोंडाने "येतो" म्हटलं की त्याला येणं भाग पडतं, आणि नाही म्हणायचं असेल तर तेही सांगून टाकतो, लोक संकोचाने आपणहून कळवत नाहीत एवढंच.

अनगोळकर
परवा रात्री मिटींग झाली, तुमचं सगळं वाचून दोन तऱ्हेचे पास करायचं ठरलं. 300 "खुर्ची पास", त्यावर ओळ आणि नंबर, सव्वापाच पर्यंत खुर्ची राखून ठेवणार म्हणजे ठेवणार. हे आधी बेळगाव शहराबाहेरच्या लोकांना आणि साठीच्या पुढच्यांना. आणि 220 "रांग पास", वेगळ्या पिवळ्या कागदावर, आणि त्यावर सगळ्यात वर, कार्यक्रमाच्या नावाच्याही वर, मोठ्या अक्षरात मराठीत आणि कन्नडमधे, "जागा उरली तरच प्रवेश मिळेल". देताना तोंडानेही सांगायचं. आदल्या संध्याकाळी सहा पोरं बसून सगळ्या खुर्ची पासवाल्यांना फोन करणार. रांग पासवाल्यांना नंबर दिलेला असणार, उन्हात उभं राहायला नको, आवारात खुर्च्या टाकून बसायचं, चहा मंडळाचा.

आकडेमोड बाई, हे बसतंय का हिशोबात?

आकडेमोड
बसतंय. सगळे खुर्चीवाले आले तरी रांगेला 100 जागा आहेत. खुर्चीवाले फोनमुळे दहातले आठ धरले तर 240, मग रांगेला 160. रांगेतले दहातले सहा आले तर 132. सगळं जमून येतंय. रांगेतले आठ-नऊ आले तर थोडे बाहेर राहतील, पण ते मोठ्या अक्षरात वाचून आलेले असतील, आणि गावातलेच असतील.

कॅमेऱ्यामागून
एक विसरू नका, खुर्ची पासवाल्यांच्या मोकळ्या राहिलेल्या जागा सव्वापाचला लगेच भरा, कार्यक्रम सुरू झाल्यावर माणसं आत सोडली की हशा तुटतो आणि कॅमेऱ्यासमोरून डोकी जातात.

अनगोळकर
काल झाला कार्यक्रम. आज दुपारपर्यंत झोपलो होतो, उठल्या उठल्या लिहितोय.

फोन करून 31 जणांनी आधीच नाही म्हणून सांगितलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी बरं झालं विचारलंत म्हणाले. त्यांच्या खुर्च्या तेव्हाच रांगेतल्या पहिल्या 31 जणांना फोन करून देऊन टाकल्या. सव्वापाचला खुर्चीवाले 262 आत. रांगेत मात्र आमचा अंदाज चुकला, मोकळं ऊन पडलं, निपाणीच्या पोराचा एक व्हिडिओ आठवड्यात भरपूर फिरला होता, आणि पिवळे पासवाले 152 जण आवारात बसले होते. जागा 138. म्हणजे 14 जास्त. दारात परत मीच उभा होतो. ट्रॅव्हल्सवाले दादांचं ऐकून आतमधे जाऊन माईकवर विचारलं, कुणी गाववाले उठून जागा देताय का, पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या ओळीत बसवतो. पाचजण उठले, त्यातले दोघे आमच्याच मंडळाचे. कडोलीहून आलेलं एक कुटुंब पिवळ्या पासवर होतं, ते आमच्याकडून चुकलं होतं, त्यांना खुर्ची पास द्यायला पाहिजे होता, ते चौघे आणि एक आजोबा असे आत गेले. उठलेल्या पाचांना धरून बाहेर राहिले 14 च. त्यांना मी प्रत्येकाजवळ जाऊन सांगितलं, हात आडवा केला नाही. एकजण चिडला, त्याचं बरोबर होतं, मी ऐकून घेतलं. बाकीच्यांनी चहा घेतला, दोघांनी दाराबाहेर थांबून आतला हशा ऐकला आणि तासाभराने गेले.

हशा कसा होता ते रेकॉर्डिंगमधे ऐकाल. मागच्या ओळीपर्यंत लाट जात होती आणि परत येत होती. आई चौथ्या ओळीत होती, खुर्ची पास, वय वर्षं 71. तिने पिशवीतून कुंद्याचा डबा नेला होता, कार्यक्रम संपल्यावर स्वतः वर जाऊन सगळ्या कलाकारांना वाटला.

त्या 14 जणांची नावं आणि नंबर एका वहीत लिहून घेतलेत. पुढचं रेकॉर्डिंग दिवाळीनंतर धरलंय, पास छापायच्या आधी पहिला फोन त्यांना. त्या चिडलेल्या काकांना मात्र उद्याच घरी जाऊन भेटतो, ते वडगावातच राहतात.